पेस्ट कंट्रोलनंतरचा श्रिम्प टँक: आतापर्यंतचं अपडेट

मंडळी, चेरी श्रिम्पच्या (गोड्या पाण्यातल्या छोट्या लाल कोळंब्या) दोन फुटी टँकचं अपडेट बरेच दिवस दिलं नव्हतं. आता सविस्तरच लिहितो, कारण फ्लॅटमध्ये टँक ठेवणाऱ्या कोणावरही ही वेळ येऊ शकते.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालं. नोटीस जिना आणि पार्किंगची होती, पण फवारणी डक्टमध्ये (इमारतीतल्या पाइपांच्या उघड्या पोकळीत) पण केली. माझा एअर पंप डक्टच्या खिडकीशी असतो, म्हणजे जी हवा आत आली तीच पंपाने ओढून स्पंज फिल्टरमधून सरळ पाण्यात सोडली. टँकवर औषधाचा एक थेंबसुद्धा पडलेला नाही आणि तरी संध्याकाळपर्यंत श्रिम्प वेड्यासारखे गोल गोल पोहायला लागले, मग एका कुशीवर पडून नुसते पाय थरथरत होते. गप्पी पृष्ठभागाशी येऊन मधेच झटका बसल्यासारखे पळत होते.

पाणी तपासायचं किट काढून बघितलं तर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पीएच नेहमीचा. पण रॅम्सहॉर्न गोगलगायी काचेवरून निवांत फिरत होत्या, आणि मला उत्तर तिथे मिळालं. श्रिम्पला तांबंही मारतं, पण तांबं पाण्यात गेलं असतं तर गोगलगायींनाही त्रास झाला असता. श्रिम्प तडफडतायत, मासे अस्वस्थ आहेत आणि गोगलगायींना काहीच नाही, असं दिसलं की पहिला संशय पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांवर घ्यायचा. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन ही सगळी त्याच घरातली, डासांच्या लिक्विड मशीनमधलं ट्रान्सफ्लुथ्रिन पण त्यातलंच. ही औषधं नसांमधले सोडियम चॅनल बंदच होऊ देत नाहीत, म्हणून ती थरथर. आपल्या शरीरात ती पटकन मोडतात, माशांच्या शरीरात हळू मोडतात, आणि श्रिम्प तर झुरळांचेच भाऊबंद, दोघेही आर्थ्रोपॉड, म्हणजे सांध्यांच्या पायांचे प्राणी. त्यामुळे फवारणीवाले "घरात लहान मुलं असली तरी चालतं" म्हणतात ते टँकच्या बाबतीत अजिबात धरायचं नाही.

त्या रात्री सगळ्यात आधी पंप बंद करून आतल्या खोलीत नेला, लांब नळी जोडली, नळी आणि एअर स्टोन दोन्ही नवीन. जुनी सिलिकॉन नळी धुऊन परत लावू नका, पायरेथ्रॉइड पाण्यापेक्षा प्लॅस्टिक, सिलिकॉन आणि गाळाला जास्त चिकटतं. डक्टकडची खिडकी बंद, टँकवर क्लिंग फिल्म, फक्त पंपाची हवा निघायला एका कोपऱ्यात फट. मग जे श्रिम्प अजून उभे होते ते बादलीत काढले, साठवलेलं पाणी आणि दुसऱ्या टँकमधला जुना स्पंज टाकून.

मग वॉटर चेंज, अँटीक्लोर (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकून, तापमान जुळवून, निम्मं पाणी. सगळं पाणी एकदम बदलावं असं वाटतं खरं पण आमच्या नळाचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) खूप कमी आणि टँकचा 200 च्या आसपास, एवढी उडी बसली तर जे वाचलेत ते मोल्टिंगमध्ये, म्हणजे कात टाकताना, मरतात. खरं काम अॅक्टिव्हेटेड कार्बनने केलं. कार्बन धुऊन जाळीच्या पिशवीत भरून हँग ऑन फिल्टरमध्ये (टँकच्या काठावर लटकवायचा फिल्टर) अशा जागी ठेवला की पाणी त्याच्यामधूनच जाईल, टँकमध्ये नुसती पिशवी टांगून फार काही होत नाही. आणि तो भरला की बदलायचा, मी एक-दोन दिवसांनी बदलत राहिलो. कार्बन अमोनिया काढत नाही, त्यामुळे मेलेले श्रिम्प मॉसमधून चिमट्याने वेचून काढले, खाणं बंद ठेवलं आणि रोज टेस्ट केली.

मासे सावरले, पाणी काचेसारखं दिसायला लागलं. इथे बरेच जण श्रिम्प परत टाकतात आणि ते परत मरतात. कारण विष तळाच्या गाळात बसलेलं असतं आणि श्रिम्प दिवसभर तोच गाळ चरतात! म्हणून थोडा थोडा करत सगळा गाळ सायफनने काढला आणि स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळून पिळून घेतला, फेकला नाही कारण अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया त्यातच आहेत.

आता टँक साफ झाला हे कळणार कसं, घरगुती किटवर पायरेथ्रॉइड दिसत नाही. माझ्याकडे माशांच्या पिल्लांना खायला डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) असतात, बाल्कनीत, म्हणजे डक्टच्या उलट बाजूला. लॅबमध्ये पण पाण्याचा विषारीपणा तपासायला डॅफ्निया वापरतात, 48 तास ठेवून किती हलायचे थांबले ते मोजतात. मी तेच दोन बरण्यांत केलं. एकीत साठवलेलं चांगलं पाणी, दुसरीत टँकचं पाणी आणि वर चमचाभर तळाचा गाळ. पहिल्या वेळी सकाळी बघितलं तर चांगल्या पाण्यातले टुणटुण उड्या मारतायत आणि गाळवाल्या बरणीतले सगळे तळाला, अँटेना फडफडतायत पण वर उचलले जात नाहीत. बघून वाईट वाटलं पण त्यामुळेच बादलीतले श्रिम्प वाचले, नाहीतर त्याच आठवड्यात ते टँकमध्ये गेले असते. गाळ उपसून, कार्बन बदलून, परत परत हीच टेस्ट लावत गेलो. गेल्या वेळी पहिल्यांदा दोन्ही बरण्यांत सारखीच हालचाल दिसली, पूर्ण 48 तास.

सोसायटीच्या कमिटीशी बोललो, त्यांनी नीट ऐकून घेतलं. पुढच्या वेळी डक्टमध्ये स्प्रे नाही, झुरळांचं जेल. जेलमधलं औषध पण श्रिम्पला विषारीच असतं, पण ठिपके लावतात त्यामुळे ते हवेत उडत नाही, आणि झुरळांवर चालतं पण चांगलं. पंप आता कायमचा आतल्या खोलीत.

बादलीतल्या दोन माद्या बेरीड आहेत, म्हणजे पोटाखाली अंडी आहेत! त्यांना सध्या हलवणार नाही. आधी फिकट रंगाचे चार-पाच टँकमध्ये सोडतोय, ते नीट चरले आणि एक मोल्ट सुखरूप झालं की मग बाकीचे. कार्बन तोपर्यंत चालूच.