आठवं गाणं: मुखडा बसला, अंतरा लटकलाय

पाच आठवडे गेले, त्यातले तीन एका 'स'पायी.

पहिली ओळ होती 'खिडकीत उभा पाऊस'. वहीत छान दिसायची. चाल लावली तेव्हा शेवटचा सूर वरच्या सा वर लांबवायचा होता, आणि 'स' लांबवला की कुकरची शिट्टी! म्हणून 'पाऊ'वर थांबून 'स' हळूच टेकवला, तर आईनं आतून विचारलं, "कोणाचं पाऊल रे?"

आता ओळ अशी आहे: 'पावसा, उभा तू दारी'. लांब सूर 'सा'तल्या 'आ'वर नेला. 'दारी'तल्या ईवर वरच्या पट्टीत माझा घसा आवळतो, म्हणून ती खाली उतरवली. ओळीच्या मात्रा 14, केरव्याची (आठ मात्रांचा ताल) दोन आवर्तनं म्हणजे 16. उरलेल्या दोन मात्रांत श्वास. शिवाय पावसाला थेट हाक मारल्यावर पुढच्या ओळी आपोआप सुचल्या, हे मात्र ठरवून झालेलं नाही.

वहीच्या मागच्या पानावर मी स्वतःचे नियम लिहितो. 'प्रत्येक ओळीला यमक हवंच' हा परवा खोडला. मोठ्या अभंगात 6-6-6-4 अक्षरं असतात आणि यमक फक्त दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. तरी तो शेकडो वर्षं लोकांच्या तोंडी आहे. मग मी कशाला 'दारी'ला 'भारी' जोडत बसू?

जोडाक्षरांचा नियम मात्र दुरुस्त करून ठेवलाय. 'रस्ता'तला र गुरू, म्हणजे दोन मात्रांचा होतो, कारण 'स्ता'चा आघात त्याच्यावर येतो. त्याच हिशेबानं मी 'तुझ्या'चा तुही गुरू धरला आणि ठेका लंगडायला लागला. खालच्या मजल्यावरचे तबलेवाले काका म्हणाले, "अरे, बोलताना तू 'तुझ्या'च्या तुवर जोर देतोस का?" नाही देत. तो लघूच, एका मात्रेचा. आता आधी मोठ्यानं म्हणतो, मग बोटांवर मोजतो.

मोठ्यानं म्हणायला जागा म्हणजे लोकलचा दरवाजा. गर्दीत पुटपुटणाऱ्याकडे कोणी बघत नाही. कुर्ल्यानंतर मोबाइलवर टिपलेल्या मुखड्यात नेमकं समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, 'पुढील स्टेशन, शीव' आलंय. पुसवत नाही.

अंतऱ्याच्या दोन ओळी झाल्यात. तिसरी पुन्हा मुखड्याकडे नेणारी हवी, आणि आत्ताची 'कोसळून जा एकदाच' च वर संपतेय.