हॉलला रंग निवडताना डोकं फिरलं, त्याचा माझा अनुभव

रंगकाम संपून कधीचा पेंटर गेला, फर्निचर जागच्या जागी लागलं, तरी ते शेडकार्ड समोर आलं की माझी अजून चिडचिड होते, म्हणून लिहून टाकतोय.

आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. घर जुनं, चिऱ्याचं, मागे कुळागर, म्हणजे पोफळींची (सुपारीची) बाग. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी हॉल रंगवून पाहिजे हे आईने कधीपासून लावून धरलं होतं, आणि पावसात इथे भिंती सुकत नाहीत त्यामुळे काम एप्रिल-मेमध्येच उरकायचं ठरलं. घासकाम, पुट्टी, प्रायमर सगळं व्यवस्थित झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते रंगावर.

आणि आम्हाला काही भन्नाट नको होतं हो, फिका क्रीम, बस. दुकानात तेवढंच सांगितलं तर त्याने ते जाडजूड कार्ड काउंटरवर आपटलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. नुसत्या क्रीमच्याच एवढ्या पट्ट्या की पाचव्या मिनिटाला सगळ्या सारख्याच दिसायला लागतात, आणि दोन बोटं रुंद तुकड्यावरून चार भिंतींचा निर्णय घ्यायचा, तोही दुकानातल्या पांढऱ्याफटक ट्यूबलाईटखाली! छोटा सॅम्पल डबा मागितला तर म्हणे ठेवत नाही, लिटर घ्या, आणि मशीनवर एकदा शेड काढली की परत घेणार नाही. परत न घेणं मला समजतं, बेसमध्ये (मूळ रंगात) कलरंट पडल्यावर तो डबा दुसऱ्याला कोण विकणार, पण मग आधी धड दाखवा तरी. त्यावर त्याचा उपाय काय, तर आमच्या हॉलचा फोटो कॉम्प्युटरवर घालून भिंती रंगवून दाखवल्या. स्क्रीनवर काय, सगळंच छान दिसतं.

शेवटी लिटरचा डबा घेतला आणि दोन भिंतींवर हातभर पट्टे मारले. कार्डावर दुधाच्या सायीसारखी दिसणारी शेड भिंतीवर चक्क पीच. पेंटर म्हणाला थांबा, सुकू दे. सुकल्यावर आणखी गडद! गंमत म्हणजे खिडकीसमोरच्या भिंतीवर त्याच डब्यातला पट्टा हिरवट दिसत होता, आणि रात्री लाईट लावल्यावर दोन्हीकडे मळकट राखाडी. मी दुकानदाराला शिव्या घालून मोकळा होणार होतो, पण एक कोरा पांढरा कागद भिंतीला धरला तर तोही जमिनीजवळ गुलाबी आणि खिडकीसमोर हिरवट. आमची जमीन लाल सिमेंटची, दुपारचं ऊन तिच्यावरून भिंतीवर येतं, आणि खिडकीतला उजेड पोफळींच्या पानांतून गाळून येतो. म्हणजे भिंतीवर आधीच दोन रंग होते, आम्ही त्यावर तिसरा लावत होतो. हे शेडकार्डाला कुठून कळणार?

तोपर्यंत घरात सगळे तज्ज्ञ झाले होते. शारजाला असलेला भाऊ व्हॉट्सॲपवरचा फोटो बघून म्हणे पिवळा वाटतो (फोनचा कॅमेरा उजेडाप्रमाणे आपल्या मनाने रंग बदलतो, त्यामुळे फोटो पाठवून कुणाचं मत घेऊच नका). काकूचं म्हणणं सरळ पांढरा काढा आणि वर देवळातल्या कावीसारखा तांबडा पट्टा. मुलीला पणजीच्या फोंतेंयशमधल्या घरांसारखा निळा पाहिजे. अगो, त्या बाहेरच्या भिंती, उन्हातल्या, तो निळा आपल्या काळोख्या हॉलमध्ये काढला तर दिवसासुद्धा लाईट लावून बसावं लागेल.

सुटका झाली ती पुठ्ठ्यांमुळे. दुसऱ्या एका दुकानात छोटे सॅम्पल मिळाले, पांढऱ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारले, कडेने पांढरी पट्टी सोडली म्हणजे भिंतीचा जुना रंग डोळ्यांत घुसत नाही. मग ते पुठ्ठे भिंतीला उभे लावून सकाळ, दुपार, रात्र बघायचे. आडवे टेबलावर ठेवून बघू नका, उजेड वेगळा पडतो. ज्या शेडमध्ये लाल अजिबात नव्हता, किंचित हिरवट पिवळी, कार्डावर बघून मी नाक मुरडलं असतं अशी, तीच पास झाली. आणि त्यातही एक पायरी फिकी घेतली, कारण चारही भिंती रंगल्या की एकमेकींवर उजेड टाकतात आणि रंग कार्डापेक्षा भडक दिसतो. आईने दुपारी बघून "हां, हा बरो" म्हटलं तेव्हा मी लगेच डबे आणायला पळालो, मत बदलायच्या आत.

हां, हे आधी सांगायला हवं होतं, बल्ब बदलायचे असतील तर रंग ठरवायच्या आधी बदला. आमच्याकडे 6500 केल्विनचे (निळसर पांढऱ्या उजेडाचे) एलईडी होते, ते काढून 4000 चे, कमी निळसर उजेडाचे लावले तेव्हा कुठे रात्रीचा राखाडीपणा गेला. सगळे डबे एकदम घ्या आणि एका मोठ्या बालदीत मिसळून मगच लावा, एकाच नंबरच्या दोन डब्यांत थोडा फरक येऊ शकतो. सॅम्पल मॅटमध्ये बघून भिंतीला चकाकीवाला घेऊ नका.

झाकणावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, त्यावर शेड नंबर, बेस सगळं असतं. थोडा रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवा, चवथीला पाहुण्यांची पोरं आली की भिंतीला हात पुसणारच.