तुम्ही विचारलंत म्हणून: ओ'नीलची बाजू मी का घेते

"वहिनी, तुम्ही मिशिगनच्या ना? मग त्या पंटरची बाजू कशी काय घेता?" मिशिगन राज्यातल्या नोव्हाय आणि कँटनमधल्या मराठी घरांत हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं. विचारणाऱ्यांना सामना पाठ आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 17 ऑक्टोबर 2015, ॲन आर्बर, अमेरिकन फुटबॉल, मिशिगन विद्यापीठ विरुद्ध त्याच राज्यातलं मिशिगन स्टेट विद्यापीठ. मिशिगन 23-21 ने पुढे, घड्याळात 10 सेकंद, फोर्थ डाउन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याची चौथी आणि शेवटची संधी. अशा वेळी चेंडू लाथेने दूर मारतात तो पंट, आणि मारणारा तो पंटर. पंटर ब्लेक ओ'नीलच्या हातून चेंडू निसटला, स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनने तो घेऊन 38 यार्ड धाव मारली आणि वेळ संपता संपता 6 गुणांचा टचडाउन केला. 27-23. त्याआधी सबंध सामन्यात स्टेट एक क्षणही पुढे नव्हतं.

आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देत आले आणि दोन वाक्यांत ते कुणाला पटलं नाही. म्हणून एकदा सगळं सांगते.

हा खेळ मी मैदानावर नाही, कागदावर शिकले. मुलं लहान होती, शनिवारी स्टेडियमला जाणं जमायचं नाही. रविवारी पेपरात बॉक्स स्कोअर यायचा तो मी वाचायचे. कोण किती यार्ड धावला, क्वार्टरबॅकचे किती पास पोचले, कुणाच्या हातून चेंडू सुटला. इकडे येण्याआधी मी पुण्यात अकाउंट्समध्ये होते, त्यामुळे हे कागद मला खतावणीसारखे वाटायचे: प्रत्येक नोंद कुणाच्या तरी नावे, आणि शेवटी बेरीज जुळलीच पाहिजे. रोस्टरही मी तसंच वाचायचे. मुलगा कुठल्या गावचा, कितव्या वर्षाला, किती वजनाचा. त्या काळातल्या मला कुणी सांगितलं असतं की या कागदावर एखाद्या मुलावर अन्याय होऊ शकतो, तर मी वाद घातला असता. आकडा खोटं बोलत नाही, म्हणाले असते.

2015 चा मोसम तर आकड्यांवर प्रेम करणाऱ्यांसाठीच होता. जिम हरबॉ व्यावसायिक संघ फोर्टीनाइनर्स सोडून मुख्य कोच म्हणून आपल्या जुन्या कॉलेजात परतले, त्यांचं हे पहिलंच वर्ष. बचावाला डी. जे. डर्किन, आक्रमणाला टिम ड्रेव्हनो, स्पेशल टीम्सना, म्हणजे किक आणि पंटच्या वेळच्या खेळाडूंना, जॉन बॅक्स्टर. क्वार्टरबॅक जेक रुडॉक आयोवाहून एका वर्षासाठी आलेला. पहिला सामना युटाकडून हरलो, आणि पुढे बीवाययू 31-0, मेरीलँड 28-0, नॉर्थवेस्टर्न 38-0. लागोपाठ तीन सामन्यांत समोरच्याला एक गुणही नाही. वर्षानुवर्षं मान खाली घालून बसलेली माणसं पुन्हा मिशिगनचे निळे टीशर्ट घालून किराणा आणायला जाऊ लागली. त्या शून्यांनंतरचा सामना स्टेटशी होता.

नवरात्र चालू होतं. संध्याकाळी भोंडला होता, पण सामना साडेतीनचा, म्हणून आम्ही सगळे आधी एका मित्राच्या बेसमेंटमध्ये जमलो. अर्धी खोली निळी, अर्धी स्टेटच्या रंगाची, हिरवी. साड्या नेसून तयार होऊन आलेल्या बायका जिन्यावर बसून बघत होत्या. खिरापतीचे डबे वर किचनमध्ये. शेवटच्या मिनिटांत निळ्या बाजूने जल्लोष सुरूही केला होता. मग तो स्नॅप, म्हणजे पंटरकडे मागे फेकलेला चेंडू. खाली आला, ओ'नीलच्या हातात नीट बसला नाही. त्याने चेंडू उचलला, अंगावर माणसं येत असताना तसाच लाथाडायचा प्रयत्न केला, आणि चेंडू उडाला तो थेट वॉट्स-जॅक्सनच्या हातात. पुढचं तुम्ही पाहिलंच आहे.

तुम्ही पाहिलं नाही ते सांगते. हिरवी बाजू नाचत होती, ते बरोबरच होतं. निळ्या बाजूच्या एका मुलाने, जो आमच्याकडे कितीदा जेवलाय, ओ'नीलला उद्देशून फोनवर काहीतरी लिहिलं आणि शेजारच्यांना दाखवलं. मी वाकून वाचलं. एखाद्या माणसाने जगूच नये असा त्याचा अर्थ होता. दोघंतिघं हसले. मी म्हटलं, "काढून टाक ते." तो म्हणाला, "काकू, त्याला काय फरक पडतोय, हजारोंनी लिहिताहेत." मी पुन्हा म्हटलं. तो उठून वर गेला. त्याने ते काढलं की नाही, मला कधी कळलं नाही. हजारोंनी लिहिताहेत हे मात्र खरं होतं. दुसऱ्या दिवशी तेव्हाचे हंगामी ॲथलेटिक डायरेक्टर जिम हॅकेट यांना चाहत्यांना उद्देशून खुलं पत्र लिहावं लागलं, की या विद्यार्थ्याला असं बोलणं आपल्याला शोभत नाही. हेच हॅकेट 2017 मध्ये फोर्डचे सीईओ झाले. आपल्यातले कितीतरी जण त्यांच्या हाताखाली काम करत होते आणि त्यांच्याबद्दल आदराने बोलायचे. त्या पत्राबद्दल बोललेलं मी कुणाला ऐकलं नाही.

त्या रात्री घरी येऊन मी बॉक्स स्कोअर उघडला. फंबल, म्हणजे हातून सुटलेला चेंडू: ओ'नील. बेरीज जुळत होती. पण स्नॅप खाली आला याचा रकाना त्यात नव्हता. स्टेटने पंट परतवायला मागे कुणालाच ठेवलं नाही, सगळा जोर अडवण्यावर लावला. हे दिसत असताना आम्ही नेहमीसारखी, पंट परतवणाऱ्याला पकडायला, दोन माणसं दूर कडेला ठेवली, त्याचा रकाना नव्हता. मुळात पंटच करायचा हा निर्णय कुणाचा, त्याचाही नाही. हरबॉंना वर्षाला 50 लाख डॉलर मिळत होते. मैदानावरच्या मुलांना तेव्हा शिष्यवृत्तीपलीकडे काही घ्यायची मुभा नव्हती. नाव वापरून पैसे मिळवण्याची परवानगी 2021 मध्ये आली. ज्याला पगार निर्णयांसाठी मिळतो त्याच्या नावापुढे त्या कागदावर एक अक्षर नाही, आणि मेलबर्नहून आलेल्या, आधी ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळलेल्या, वेबर स्टेटहून पदवी घेऊन शेवटच्या वर्षासाठी आलेल्या मुलाच्या नावापुढे अख्खा पराभव. त्याच सामन्यात त्याने 80 यार्डांचा पंट मारला होता. तो आकडाही त्याच कागदावर आहे. मला हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी किती जणांना तो आठवतो?

यावर मला लगेच ऐकवलं जातं की मी हरबॉंच्या विरोधात आहे. अजिबात नाही. त्यांनी ओ'नीलला संघातून काढलं नाही; पुढच्या मिनेसोटाच्या सामन्यातही पंट त्यानेच मारले, आणि तो सामना आम्ही 29-26 असा जिंकलो. मोसम 10 विजय आणि 3 पराभवांवर संपला, शेवटी फ्लोरिडाला 41-7 हरवून. पण जो माणूस विजयाचं श्रेय 'कोचिंग स्टाफ' म्हणून घेतो, त्याच्या वाट्याला पराभवही त्याच नावाने यायला हवा, एवढंच माझं म्हणणं.

दुसरं ऐकवलं जातं ते हे की 2023 चा मोसम 15-0 झाला, वॉशिंग्टनला 34-13 हरवून विजेतेपद मिळालं, आता जुनं कशाला उकरायचं? मग त्याच मोसमातला रोझ बोलचा सामना आठवा. 1 जानेवारी 2024, समोर अलाबामा, 20-20 अशी बरोबरी, मिनिटभरही उरलेलं नाही. पंट झेलताना जेक थॉच्या हातून चेंडू सुटला, आमच्याच गोललाइनच्या अगदी तोंडाशी. त्याने तो कसाबसा परत मिळवला, ओव्हरटाइममध्ये आम्ही 27-20 जिंकलो, आणि आज थॉला कुणी शिव्या देत नाही. देऊही नयेत. चेंडू इंचभर वेगळा उडाला असता तर त्याच्याही वाट्याला तीच रात्र आली असती.

आणि वॉट्स-जॅक्सन? त्याच धावेच्या शेवटी, आनंदाने अंगावर पडलेल्या ढिगाखाली, त्याचा खुबा निखळला आणि मोडला. मोसम तिथेच संपला. तो जिंकलेला मुलगा होता.

हे सगळं खरं, आणि तरी एक गोष्ट मला सुटत नाही. ओ'नील त्या चेंडूवर नुसता पडला असता तर? लाथ मारायचा प्रयत्न त्याने केला, तो निर्णय कुणा कोचचा नव्हता. माझा मुलगा हेच म्हणतो आणि त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. मी म्हणते, पडला असता तर चेंडू स्टेटला तिथेच मिळाला असता, आणि घड्याळात वेळ उरला असता तर एक लांबची किक त्यांनी नक्की मारली असती. तो म्हणतो, इतक्या लांबून ती गेली नसती. मी म्हणते, नॉर्थवेस्टर्नला 38-0 हरवलं तेव्हा तू म्हणाला होतास की आता आपण कुणाकडूनच हरत नाही. यापुढे आमचं बोलणं कधी गेलेलं नाही.