हरभऱ्याचं झाड

स्मरणिका समितीचा फोन आला. "सर, तुमच्या लेखाशिवाय अंकाला शोभा नाही!" मला हसू आलं. सुवर्णमहोत्सवाला एवढे माजी विद्यार्थी जमणार, त्यात माझ्या लेखाची काय मातब्बरी? हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणजे काय, हे मी याच शाळेत शिकलोय, तेही शेतात उभं राहून.

आठवीत होतो. जानेवारी असावा, कारण शाळेमागच्या रानात हरभऱ्याला घाटे धरले होते. पोरांना मॅच खेळायची होती आणि शेवटचा तास मराठीचा. बाईंना पटवायची कामगिरी माझ्यावर आली. मी सुरुवात केली, "बाई, तुमच्यासारखी कविता कुण्णीच शिकवत नाही..."

बाईंनी खडू खाली ठेवला. "मस्का लावतोस? चला, सगळे बाहेर."

आम्हाला वाटलं, जमलं! बाईंनी वर्ग थेट बांधावर नेला आणि मला म्हणाल्या, "चढ झाडावर." झाड माझ्या गुडघ्याएवढं. पोरं खो खो हसली. मी उगाच वाकून पाला चाचपला. बोटांना आंब लागली, ती चाटली.

वर गृहपाठ मिळाला : असले शब्द घरून गोळा करून आणा.

कचेरीत नोकरी करणाऱ्यांच्या मुलांकडे खजिनाच निघाला. हांजी हांजी, हुजरेगिरी, चमचेगिरी, लाळघोटेपणा. खुशामत फारसीतून आली आणि मस्काही तिकडचाच, फारसीत लोण्याला मस्का म्हणतात, हे बाईंनी सांगितलं. मी आजीला विचारलं तेव्हा ती गाईखाली बसली होती. गाय पान्हा चोरत होती. आजी कास पुसत, मांडीवर हलकेच थोपटत म्हणत होती, "सोड गं बाय माझी, सोड." तिथंच बसून तिनं शब्द दिले : चुचकारणं, गोंजारणं, मिनतवारी, नाकदुऱ्या काढणं. शिवाय कोपराला गूळ लावणं. हा शब्द वर्गात सांगितल्यावर पन्नासएक पोरं आपापलं कोपर चाटायला धडपडली. कुणालाच जमलं नाही.

मग बाईंनी नीतिशतकातला श्लोक म्हटला. कुत्रा भाकरी देणाऱ्यापुढं शेपूट हलवतो, पायांशी लोळतो, पोट दाखवतो. हत्ती मात्र गंभीरपणे बघत राहतो आणि शंभर आर्जवं झाल्यावरच घास घेतो. शेपूट हलवणं म्हणजे लांगूलचालन. (हल्ली राजकारणाच्या बातम्यांत हा शब्द सारखा येतो, पण त्यातली शेपटी कुणाला दिसत नसावी.) बाईंनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडं कुत्रा, उजवीकडं हत्ती. स्वतःच्या पोटासाठी गोड बोलणं डावीकडं, दुसऱ्याच्या पोटात घास जावा म्हणून केलेली मनधरणी उजवीकडं. हुजरेगिरी डावीकडं गेली. रुसलेल्याची समजूत काढणं उजवीकडं. भराभर फळा भरला.

मी ऐटीत ‘चुचकारणं’ हत्तीकडं लिहायला निघालो, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पण ह्याच्या आजीला दूध पाहिजेच होतं की!"

वर्ग गप्प. बाईही थांबल्या. मग त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि तो शब्द बरोबर रेघेवर लिहिला, अर्धा इकडं, अर्धा तिकडं.

मॅच रविवारी झाली. हरलो.