चौदा अंगठे

मंगळवार, रात्रीचे साडेदहा.

सकाळी चहा घेताना फोनवर एक ओळ दिसली: आमच्या अभियंत्यांच्या व्हॉट्सॲप गटातला एक अभियंता गटातून बाहेर पडला होता. आजकाल ही सूचना सगळ्यांना जात नाही, गट चालवणाऱ्यांनाच दिसते; म्हणजे दीडशे अभियंत्यांत तो गेल्याचे बहुधा तात्यांना आणि मलाच ठाऊक आहे. दिवसभर साइटवर होते, सळया मोजल्या, सह्या केल्या, पण त्या ओळीने पाठ सोडली नाही.

परवा त्याने नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या भिंतीचे फोटो टाकले होते आणि पावसाळ्यापूर्वी तिला एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) सिमेंटचा गिलावा करण्याचा विचार कळवला होता. मी लिहिले, "ही सूचना वाड्याचे नुकसान करणारी आहे. जुन्या बांधकामावर मत देण्यापूर्वी निदान प्राथमिक वाचन करावे." पाच मिनिटांत त्याखाली चौदा अंगठे उमटले. ते पाहून मला बरे वाटले होते, हे इथे लिहून ठेवते.

मी चुकीचे काही लिहिले नव्हते, असे आज किती वेळा तरी मनाशी म्हटले. चुन्यात बांधलेली जुनी वीट मऊ असते. जमिनीतली ओल तिच्यात वर चढते आणि चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू उडून जाते. वर सिमेंटचा घट्ट थर चढवला की त्या ओलीची वाट बंद होते, ती आणखी वर सरकते, आणि तिच्यासोबत आलेले क्षार गिलाव्यामागे साठून विटेला पोखरतात. पुढे गिलावा सुटतो तेव्हा विटेचे तोंडही घेऊन पडतो. पेठांतल्या कितीतरी भिंतींवर हे मी हाताने चाचपून पाहिले आहे. मग बरोबर बोलणाऱ्या माणसाने दिवसभर अपराध्यासारखे का वावरावे?

दुपारी तर स्वतःचीच कीव आली. पहिल्या नोकरीत साहेबांनी माझे नकाशे सगळ्यांदेखत टेबलावरून खाली ढकलले होते. मी कुठे निघून गेले? रात्रभर जागून ते पुन्हा काढले. तीस वर्षांत जे शिकले ते कोणाकडून काही न घेता सांगायचे, आणि वर शब्दही तोलून मापून वापरायचे, एवढी अपेक्षा माझ्याकडूनच का? घरातही हल्ली असेच काहीसे होते, पण ते राहू दे.

संध्याकाळी त्याचा मूळ संदेश पुन्हा उघडला. शेवटी एक ओळ होती: "चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळत नाही, दुसरा मार्ग असल्यास कृपया सांगावा." ही ओळ मी परवा वाचलीच नव्हती. सिमेंट हा शब्द दिसला आणि उत्तर लिहायला घेतले.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करायचे ती वितंडा. मी परवा केले ते तिसरेच होते. दुसरा मार्ग मला माहीत असूनही मी तो सांगितला नाही. साध्या चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, मिसळली तर तो ओलीतही घट्ट होतो. बांधकामाच्या चुन्याच्या भारतीय मानक ७१२ मध्ये तर जलीय, म्हणजे ओलीतही घट्ट होणाऱ्या, चुन्याचा वेगळा वर्गच आहे. शिवाय फोटोत सागवानी खांब स्पष्ट दिसत होते, म्हणजे भार लाकडी सांगाड्यावर असण्याची शक्यता होती आणि ते तपासून, भिंतीला टेकू देऊन, ताडपत्री बांधून काम दिवाळीनंतर करता आले असते. एवढे लिहायला त्या दोन वाक्यांहून फार वेळ लागला नसता.

भिंतीपाशी उभे असतो तर मी असे बोलले असते का? तिथे त्याचा चेहरा दिसला असता, आणि त्यालाही अडखळत का होईना, गवंड्याची अडचण सांगता आली असती. इथे त्याला दीडशे जणांसमोर उत्तर द्यायचे होते, आणि त्यांतल्या निम्म्यांकडे त्याला उद्या काम मागायला जायचे आहे. तो गप्प राहिला यात नवल नाही. त्या चौदा अंगठ्यांना मी संमती समजले, पण ते पाहून आणखी किती जणांनी आपापला प्रश्न गिळला असेल, हे मला कधीच कळणार नाही. रुखरुख आहे ती याची.

तात्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुझं बरोबरच होतं गं. पण आता तो सिमेंट लावायला लागला, तर त्याला थांबवणार कोण?"

हे माझ्या लक्षातही आले नव्हते. १९६१ च्या पानशेतच्या पुरातून तगलेली ती भिंत. दिवसभर मी त्याच्या जाण्याचा आणि माझ्या मानाचा विचार करत होते, भिंतीचा नाही. साहेबांनी ढकललेले नकाशे मला अजून आठवतात, त्यांत चूक काय होती ते मात्र आठवत नाही. त्यालाही माझे शब्दच असे लक्षात राहणार असतील तर राहोत. त्यावर आता माझा इलाज नाही.

गटात जाहीर लिहिले, की माझी भाषा अयोग्य होती आणि उत्तर अपुरे होते, आणि सुरखीचे सगळे तपशील खाली दिले. मग त्याला स्वतंत्र संदेश पाठवला. क्षमा मागितली, माझ्या ओळखीच्या गवंड्याचा नंबर दिला, आणि शेवटी परवाच विचारायला हवे होते ते विचारले: "भिंतीत ओल जमिनीपासून किती फुटांपर्यंत चढली आहे?"