नारायण पेठेतलं विमा लोकपाल कार्यालय

दावा फेटाळला की पुणेकर थेट वकील गाठतात. नारायण पेठेतल्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, फी नाही आणि वकील चालतच नाही. पॉलिसीधारकानं स्वतः बोलायचं.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा, पोच जपून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत लोकपालांकडे जा. बहुतेक तक्रारी अडतात त्या इथेच: कॉल सेंटरला केलेला फोन लेखी तक्रार ठरत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात चालू असेल तरीही दार बंद. भरपाईची मर्यादा ५० लाख रुपये. निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. तुम्ही पुढे आयोगात जाऊ शकता.

कार्यालयाचा खर्च विमा कंपन्यांकडूनच येतो, त्यामुळे शंका येणं रास्त आहे. म्हणून लोकपाल निवडणाऱ्या समितीच्या अध्यक्षपदी विमा नियामकाचे प्रमुख असतात, आणि २०२१ पासून तिथे ग्राहकहितासाठी काम केलेली व्यक्तीही असते. ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती. ऑनलाइन तक्रार आणि व्हिडिओ सुनावणीही त्याच वर्षी नियमांत आली. सांगली-कोल्हापूरच्या माणसाची पुण्याची खेप त्यानं वाचते.