स्टेटस 200, पान रिकामं

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा अडत्याचं काम आमच्याकडे आहे. रोजची आवक आणि लॉटनिहाय भाव वेबसाइटवर दाखवायचे. प्रोजेक्ट जुना, क्रिएट रिॲक्ट ॲपवरचा, म्हणजे रिॲक्ट या लायब्ररीत साइट बांधायच्या जुन्या साधनावरचा. फेब्रुवारी 2025 मध्ये रिॲक्टच्या टीमनेच नव्या कामासाठी ते थांबवलं, म्हणून मी प्रोजेक्ट व्हीट या दुसऱ्या साधनावर आणला. इंडेक्सची फाइल 'पब्लिक' फोल्डरमधून बाहेर काढली, जेएसएक्सवाल्या (रिॲक्टमध्ये पानाची मांडणी लिहिलेल्या) फाइलींची नावं बदलली, आउटपुट आता 'डिस्ट' फोल्डरमध्ये येतं म्हणून साइटची पानं पाठवणाऱ्या एनजिनएक्सचा पाथही बदलला. डेव्ह सर्व्हर लगेच सुरू व्हायला लागला तेव्हा फार बरं वाटलं. रात्री ज्युनिअरने सर्व्हरवर बिल्ड केली, म्हणजे कोडमधून तयार साइट बनवली. एकही एरर नाही.

सकाळी ऐन लिलावात फोन. "भाऊ, भावाच्या जागी काहीच दिसून नाही राहिलं."

ऑफिसात नेहमीचा सल्ला मिळाला, कॅश क्लिअर करा. या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे, कारण त्यानंतर कोणी कारण शोधत नाही. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला, तिथे प्रत्येक रिक्वेस्ट आणि तिचं उत्तर दिसतं. भावांची रिक्वेस्ट 200, म्हणजे सगळं ठीक. पण रिस्पॉन्समध्ये जेसनऐवजी, म्हणजे भावांच्या डेटाऐवजी, आमचंच इंडेक्स पान! मग यूआरएल नीट वाचला: स्लॅश, 'अनडिफाइन्ड', स्लॅश, 'लॉट्स'. 'अनडिफाइन्ड' म्हणजे तिथे जी किंमत हवी ती मिळालीच नाही.

व्हीट फक्त 'व्हीट_' ने सुरू होणारे व्हेरिएबल ब्राउझरच्या कोडमध्ये जाऊ देतं, तेही बिल्डच्या वेळीच. असे व्हेरिएबल एन्व्ह फाइलीत लिहितात, आणि माझ्या मशीनवरच्या त्या फाइलीत मी नाव बदललं होतं. ती फाइल गिटमध्ये, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये, नसते. सर्व्हरवर जुनंच 'रिॲक्ट_ॲप_' होतं. एपीआयचा, म्हणजे जिथून भाव येतात तिथला, पत्ता 'अनडिफाइन्ड' झाला, आणि न सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला एनजिनएक्स इंडेक्स पान देतं, तसं त्याने दिलं. बिल्ड चकार शब्द बोलली नाही.

नाव दुरुस्त करून पुन्हा बिल्ड केली. आता व्हीटच्या कॉन्फिगमध्ये तपासणी टाकली आहे: पत्ता नसेल तर बिल्ड तिथेच थांबते आणि कोणतं नाव हवं ते सांगते. नुसत्या नावांची एक नमुना फाइल गिटमध्येही ठेवली.

पण त्या सकाळी, कारण सापडायच्या आधी, साहेब ज्युनिअरला सगळ्यांसमोर बोलले. तो एवढंच म्हणाला, "सर, बिल्ड तर बरोबर झाली होती." नाव मी बदललं होतं, त्याला सांगायचं मी विसरलो होतो, आणि त्या वेळी मी मान खाली घालून स्क्रीनकडे बघत होतो. दुपारी साहेबांना जाऊन खरं सांगितलं. मात्र ते केबिनमध्ये, दार लावून.